वाडीला गाडी बदलायची

नाताळच्या सुट्टीत कुठं जायचं, हा प्रश्न माझ्या आजीच्या काळी नव्हताच. कुणाकडं जायचं, एवढंच ठरायचं. मामा हैदराबादेत म्हणून हैदराबाद, मावशी बार्शीत म्हणून बार्शी. यंदा आमच्या मुलांनी हैदराबादचं नाव काढलं ते रामोजी फिल्म सिटीसाठी. जेवणं झाली होती, मुलं मोबाइलवर गाड्या बघत होती. शेंगा फोडत बसलेली मोठी आत्या मान वर न करता म्हणाली, "वाडीला गाडी बदलायची, ध्यानात ठेवा."

आता वाडीला गाडी बदलावी लागत नाही. सोलापुरात बसलं की थेट हैदराबादेत उतरता येतं. आत्यालाही ते ठाऊक आहे. पण आमच्या घरात हैदराबाद म्हटलं की पहिलं वाक्य हेच यायला हवं, कारण आजीचं पहिलं वाक्य हेच असायचं. मुंबईहून आलेली गाडी सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद करत वाडीला यायची आणि तशीच पुढं रायचूरकडं निघून जायची. हैदराबादच्या माणसांनी वाडीला उतरायचं, बोचकी मोजायची, पोरं मोजायची आणि निजामाच्या रेल्वेत बसायचं. वाडी ते सिकंदराबाद हा फाटा १८७४ सालचा. सोलापुरात रेल्वे त्याच्याही आधी, १८६० साली आलेली. या दोन गाड्यांच्या मध्ये वाडीच्या फलाटावर जे काही तास जायचे, त्यांतच आजीची निम्मी हैदराबाद सफर असायची. तिथला चहा, शहाबादी दगडाची पांढुरकी धूळ, आणि फलाटावर एकाच वेळी ऐकू येणारी मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू. "चार तोंडानं बोलणारं ठेसन," असं ती म्हणायची.

आजीचं माहेर बोरी नदीच्या काठचं, नळदुर्गाच्या बाजूचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. सोलापूर इंग्रजांचं. मधे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पण राज्यं दोन. तिचा जन्म नेमका कधीचा, हे आम्हाला दोन प्रकारे कळलेलं. एक, तिच्या शाळेचा उर्दू अक्षरांतला दाखला. त्यावर सन १३४० फसली. निजामाच्या कागदोपत्री फसली सन चालायचं आणि १३४० म्हणजे आपलं १९३०-३१. दुसरी खूण तिच्या आईनं सांगितलेली: सोलापूरचे चौघे फासावर गेले त्या थंडीतली ही पोर. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. आधीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागलेला. सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यात, जिथं वर्तमानपत्रही येत नव्हतं, तिथल्या बाईनं आपल्या लेकीचा जन्म त्या बातमीशी बांधून ठेवला. फसलीचं गणित आणि पणजीची खूण, दोन्ही बरोबर जुळतात. कागदापेक्षा मला खूणच जास्त जवळची वाटते.

आता गंमत बघा. निजामाच्या रयतेला आपल्याच राजधानीला जायचं, तर नळदुर्गाकडच्या माणसांना जवळचं मोठं स्टेशन सोलापूरचं. म्हणजे बैलगाडी जुंपून आधी आपल्या राज्यातून बाहेर पडायचं, इंग्रजांच्या मुलखात येऊन तिकीट काढायचं, गुलबर्ग्याच्या आधी पुन्हा निजामाच्या हद्दीत शिरायचं, आणि मग वाडी. आजी दहा-अकरा वर्षांची असताना अशी गेली होती. लढाईचे दिवस होते, गाडीला मरणाची गर्दी होती, आणि तिला खिडकीतून आत टाकलं होतं असं ती सांगायची. कधी म्हणायची वडलांनी टाकलं, कधी म्हणायची एका शिपायानं.

पैशाचं तर निराळंच. निजामाच्या राज्यात हाली शिक्का, इकडं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब अडाणी बाईलाही तोंडपाठ. माझी पणजी लुगड्याच्या पदराला दोन गाठी मारायची. उजवीकडच्या टोकाला कलदार, डावीकडच्या टोकाला हाली. सोलापुरात स्टेशनवर उजवी गाठ सुटायची, वाडीला डावी. आजीनंही ती सवय पुढं चालवली. राज्य गेलं, हाली शिक्का गेला, तरी तिच्या पदराला शेवटपर्यंत दोन गाठी असत. एका गाठीत घरखर्चाचे पैसे आणि दुसरीत आमच्यासाठी गोळ्या-बिस्किटांचे. पैसे काढताना ती आधी दोन्ही गाठी चाचपायची, मग दातांनी एक सोडायची. ती गाठ सुटेपर्यंत आम्ही पोरं श्वास रोखून बघत बसायचो.

रस्त्यावर करोडगिरीचा नाका. माल इकडून तिकडं नेला की निजाम सरकारची जकात. सोलापूरच्या बाजारातून लग्नाचा बस्ता बांधून निघालं की बायका नवी लुगडी एकावर एक नेसून बैलगाडीत बसायच्या आणि नाक्यावर आजारी पडल्यासारख्या मान टाकून पडून राहायच्या, ही गोष्ट मी आजीकडूनही ऐकली आहे आणि शेजारच्या काकूंकडूनही, अगदी त्याच शब्दांत. त्यामुळं ती आमच्या घरची की साऱ्या मुलखाची, हे आता कुणी सांगू शकणार नाही. नाका इटकळच्या अलीकडं कुठंतरी होता, असं आत्या म्हणते. आजीनं तिला एस.टी.च्या खिडकीतून एक चिंच दाखवली होती म्हणे.

मग १९४८. रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीच्या पलीकडची माणसं सोलापूरकडं येत होती. शाळांतून, धर्मशाळांतून, ओळखीच्या वाड्यांतून राहत होती. आजीचं घर असंच एका रात्री निघालं. काय काय बरोबर घेतलं, हे ती फार तपशिलानं सांगायची: जातं नाही घेतलं, पण जात्याचा खुंटा घेतला, देव घेतले, ज्वारीचं एक पोतं घेतलं, आणि कडक भाकरीची चवड. का निघालो, रस्त्यात काय पाहिलं, हे मात्र तिनं कधी नीट सांगितलं नाही. आम्ही विचारलं की ती भाकरीवर येऊन थांबायची. १३ सप्टेंबरला पहाटे हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्ग त्याच दिवशी हाती आलं, आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपण ज्या रस्त्यानं बैलगाडीतून आलो, त्याच रस्त्यानं रणगाडे उलटे गेले, असं आजी म्हणायची. आम्हा पोरांना त्यातले रणगाडेच तेवढे आवडायचे.

परत जायच्या गोष्टी चालल्या होत्या, पण दरम्यान इथंच तिचं लग्न ठरलं. आजोबा गिरणीत, मागखात्यात जॉबर. घर तेलंगी पाच्छा पेठेत. म्हणजे शेजारपाजार सगळा पद्मशाली समाजाचा, तेलंगणातून पिढ्यांमागं आलेल्या विणकरांचा. ज्या मुलखाकडं आजी रेल्वेनं जायची, तिथलीच माणसं इकडं तिच्या दारात माग टाकून बसलेली. तेलुगू ती त्यांच्याकडून शिकली आणि त्यांच्या सुनांना तिनं शेंगाची चटणी शिकवली. शेंगदाणे कसे भाजायचे, लसूण किती, आणि उखळात किती वेळ कुटलं म्हणजे चटणीला आपोआप तेल सुटून तिचा गोळा व्हायला लागतो ते. आमच्या घरी रविवारी चिंचेची खट्टी दाळ होते, ती मात्र थेट हैदराबादच्या मामींची. सोलापूरची माणसं ती दाळ पहिल्यांदा खाताना जरा थबकतात, मग दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आजी-आजोबांची जी हैदराबादची सहल आमच्या घरात पुराणासारखी सांगितली जाते, ती साठ-एकसष्टची. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची, आमचे वडील कडेवर. गिरणीला नाताळची सुट्टी कसली? आजोबांनी रजा मागून घेतली होती. तारीख कशी ठरली, तेही ऐकण्यासारखं. आधी दत्तजयंती होऊ द्यायची. मग येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं. ज्वारीच्या ताटांची कोप करून पाच पांडव मांडायचे, बाजरीचे उंडे, अंबील, आणि दहा-पंधरा भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी खायची. येळवस सोडून परगावी जाणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. त्यानंतर परत यायचं ते गड्ड्याच्या आत. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापुढं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाच्या अक्षता पडतात. त्या दिवसांत सोलापूरच्या माणसानं सोलापुरात नसणं म्हणजे घरच्या लग्नाला गैरहजर राहणं. तेव्हा येळवस आणि गड्डा यांच्या मधली जी काही फट उरेल, ती सहलीची. नाताळ त्या फटीत पडायचा, एवढाच त्याचा संबंध.

आणि तयारी! कडक भाकरी आधी चार दिवस व्हायला लागायच्या. ज्वारीचं पीठ मालदांडीचंच लागतं, त्याला चिकटपणा असतो. आजी भाकरी इतकी पातळ थापायची की उचलताना पलीकडचा तिचा हात दिसायचा. दोन्ही अंगांनी भाजून झाली की ती फुगू न देता तव्यावरून काढायची आणि चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्याच्या धगीला उभी करून ठेवायची. वाकडी झाली की फिरवायची. ओल सगळी निघून गेली, बोटानं टिचकी मारली आणि टण्ण वाजली की झाली. मग जुन्या धोतराच्या फडक्यात चवड बांधायची. महिनाभर हलत नाही. बरोबर चटणी, दशम्या, फिरकीचा तांब्या, आणि वळकटीत दोन नव्या चादरी. त्या वापरायच्या नाहीत, मामींना द्यायच्या. कोवळा हुरडा टिकत नाही म्हणून भाजून, वाळवून न्यायचा. मामा हैदराबादच्या कचेरीत कारकून होते, सुलतान बाजारात राहायचे, पण हुरड्यासाठी त्यांचा जीव जायचा. त्यांची मुलं विवेकवर्धिनीत शिकली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केलेली ती शाळा. उर्दूच्या राज्यात आपली पोरं मराठीत शिकतात, याचा मामांना इतका अभिमान की पाहुण्यांना चारमिनारच्या आधी ते शाळा दाखवायला न्यायचे.

हैदराबादेत आजीनं काय पाहिलं, याविषयी आजी आणि आत्या यांच्यात कायम मतभेद. सालारजंग संग्रहालय तेव्हा आजच्या इमारतीत नव्हतं, दिवाण देवडीत होतं. १९५१ साली ते लोकांसाठी उघडलं. तिथलं वाजणारं घड्याळ बघायला माणसं जमिनीवर बसून राहायची. तास भरला की आतून एक चिमुकला माणूस येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो. आजी म्हणायची, त्याला दाढी होती आणि तो अगदी मामांच्या कचेरीतल्या चपराशासारखा दिसायचा. आत्या म्हणते, दाढीबिढी काही नव्हती, आईनं मामांच्या घरचं आणि घड्याळातलं एक केलं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आत्या हे भांडण सोडायला तयार नाही. यंदा सहलीला यायचं तिचं खरं कारण हेच असावं. गोवळकोंड्याच्या पायऱ्या तिच्याच्यानं होणार नाहीत, फिल्म सिटीत तिला रस नाही. पण घड्याळापुढं ती तासभर बसेल, दोन तासही बसेल.

आजोबांची आठवण वेगळी. हैदराबादहून परतताना त्यांनी मामांना विचारलं होतं, आता पुन्हा कधी? मामा म्हणाले, आता तुम्ही आम्हाला परके. १९५६ साली भाषेवर राज्यं झाली, मराठवाडा मुंबईकडं गेला आणि मामा राहिले आंध्रात. नळदुर्गाकडच्या माणसाचं कोर्टकचेरीचं काम ज्या शहरात असायचं, ते शहर एका रात्रीत दुसऱ्या राज्याचं झालं. सगळ्यांना हवं होतं तसंच झालं, मामांनाही हवं होतं. तरी हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना ही गोष्ट लागली असणार. त्यानंतर येणंजाणं कमी होत गेलं. मामा गेले, मामी गेल्या, पत्रं थांबली. आमच्याकडं गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले आणि रजा मागण्यासारखी नोकरीच आजोबांना उरली नाही.

म्हणून यंदा मुलांनी हैदराबाद म्हटल्यावर मी हॉटेलं बघायला लागलो, तेव्हा आईच म्हणाली, "आधी मामांच्या घरचं कुणी सापडतंय का बघ की." आत्याकडं एक जुनी वही आहे. तिच्यात किराण्याच्या हिशेबाच्या मधेच पत्ते. त्यातला सुलतान बाजारचा पत्ता उपयोगाचा नव्हता. पण बार्शीच्या मावशीच्या नातीकडून एक, तिच्या दिराकडून दुसरा असे नंबर मिळत गेले, आणि शेवटी मामांच्या नातवाचा फोन लागला. आता काचीगुड्याला राहतात. मराठी बोलतात, पण अशी की तिला मधेच उर्दूची झुळूक. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, काही उमगेना. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "आमी हुरडा घेऊन येणारे लोकं." पलीकडं क्षणभर शांतता, आणि मग ते गृहस्थ एवढ्या मोठ्यानं हसले की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "अरे हां हां, वाळवलेला! आजोबा लपवून ठेवायचे!" मग अर्धा तास आत्याच बोलत होती. हॉटेल कशाला, हा आग्रह झालाच. आम्ही सात माणसं, त्यांचा फ्लॅट लहान, तेव्हा मुक्काम हॉटेलात आणि पहिल्या दिवशीचं जेवण त्यांच्याकडं, असं ठरलं. आत्यानं खट्टी दाळ करायला सांगितली आहे. आपली दाळ आणि त्यांची दाळ अजून एक आहे का, ते तिला चाखून बघायचंय.

तेवढ्यानं सहलीचा नकाशाच बदलला. जाताना रस्त्यानं जायचं ठरलं. आता तो सरळ राष्ट्रीय महामार्ग, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत सुमारे तीनशे किलोमीटर. नळदुर्गला थांबायचं. किल्ल्यातला पाणीमहाल बघायचा. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल केलाय. नर-मादी धबधबे पावसाळ्यात बघावेत, डिसेंबरात नुसता बांध दिसेल, पण आजी याच नदीवर धुणं धूत होती, हे मुलांना तिथं उभं करून सांगायचंय. वाटेत इटकळच्या अलीकडं आत्या खिडकीशी बसेल. तिनं चिंच ओळखली तर थांबू.

हैदराबादेत मुलांची फिल्म सिटी एक दिवस, चारमिनार आणि लाड बाजार एक दिवस, संग्रहालय आत्याच्या हवाली. बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांचं स्मारक आहे, त्यांची समाधी तिथं. तिथं जायचा हट्ट माझा. निजामाच्या राज्यातला लढा ज्यांनी चालवला, त्यांचं नाव आजी जेवायच्या आधी घ्यायची, देवाच्या नावानंतर. मुलांनी विचारलं, ते फोटो काढण्यासारखं आहे का? मी म्हटलं, नमस्कार करण्यासारखं आहे.

परत येताना मात्र रेल्वेच. मुलांना वाडी दाखवायची आहे. गाडी तिथं थोडा वेळ थांबेल, तेवढ्यात फलाटावर उतरून चहा घेता येतो का बघू. आत्यानं बजावलंय की पोरं मोजल्याशिवाय कुणी चहाला हात लावायचा नाही.

अडलं होतं ते फक्त नुमाइशवर. नामपल्लीच्या मैदानावरचं ते मोठं प्रदर्शन. १९३८ साली सुरू झालेलं, आता दरवर्षी १ जानेवारीला उघडतं. साठ-एकसष्टच्या सहलीत आत्याला तिथं आजोबांनी खांद्यावर बसवून मोठा पाळणा दाखवला होता, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या होत्या. त्यातली एक अजून तिच्या पेटीत आहे, तुटकी. आमची परतीची तिकिटं होती ३१ तारखेची, मुलांची शाळा २ तारखेला उघडते. दोन दिवस आत्या काही बोलली नाही. मग काल सकाळी म्हणाली, "यवढं लांब जायलाव, आन् एका दिवसासाठी नुमाइश चुकवायची व्हय?"

आईनं गड्ड्याची आठवण काढली. बाराबंद्या धुवायच्या आहेत, शेंगापोळ्यांचं कूट करायचं आहे, पुण्याचे पाहुणे येणार आहेत. पण त्याला अजून दहा दिवस असतील. तिकिटं बदलली. २ तारखेला रात्री सोलापूर. शाळेत द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय. कारणाच्या जागी 'आजीबरोबर प्रवास' असं लिहिलंय.